पंचनाम्याचं धान

वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात मी आरोग्यसेविका आहे. भंडारा जिल्ह्यात नदीकाठी नोकरी करायची म्हणजे पूर कामाचाच भाग असतो. पण २०२० सालचा पूर वेगळा होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वर मध्य प्रदेशात, शिवनी-छिंदवाडा-बालाघाटकडे, धुवाधार पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यात भीमगडला वैनगंगेवरच संजय सरोवर आहे, तिथून पाणी सोडलं गेलं. खाली गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले, तरी मधल्या पट्ट्यात नदी चढतच राहिली. कारध्याचा लहान पूल बुडाला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांमध्ये माणसांना नावेतून काढावं लागलं. गणपती बसलेले होते, अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला होती, आणि त्याच दिवसांत आमच्या गावातली अर्धी घरं पाण्यात होती. शिवाय करोना. जिल्हा परिषदेच्या शाळेत माणसं दाटीवाटीनं राहिली, तोंडाला मास्क, अंगावर ओले कपडे.

पाणी उतरल्यावर आमचं काम ठरलेलं असतं. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकायची, पाण्यातलं क्लोरीन पाहायला ओटी चाचणी घ्यायची, घरोघर मेडिक्लोरच्या बाटल्या द्यायच्या, ओआरएसची पाकिटं वाटायची, ताप पाहायचा, पायाच्या चिखल्यांना मलम द्यायचं, साप चावला तर गाडी बोलवायची. हे सगळं आम्ही केलं. आशाताई तर स्वतःच्या घरातला गाळ तसाच टाकून गावात फिरत होती. पहिले काही दिवस जुलाबाचे रुग्ण फार नव्हते, आणि आम्हाला वाटलं, या वेळी निभावलं.

मग एका सकाळपासून माश्या वाढल्या. माशी गावात नवी नाही. आमच्याकडे घराला लागून गुरांचा कोठा असतो, मागे सांदवाडीत शेणाचा खड्डा असतो, पावसाळ्यात माश्या असतातच. पण हे वेगळं होतं. घरात शिरलं की आधी आवाज यायचा, मग दिसायचं. भाताच्या भांड्यावर, पाळण्याच्या दोरीवर, आजाऱ्याच्या ओठांवर. दिव्याच्या वायरीवर रात्री इतक्या दाट बसायच्या की वायर जाड झाल्यासारखी दिसायची. उपकेंद्रातल्या लसीकरणाच्या टेबलावर मी पांढरं कापड अंथरलं, तर पहिलं बाळ येईपर्यंत त्याच्यावर काळे ठिपके पडलेले.

लोक मला विचारायचे, एका रात्रीत एवढ्या माश्या आल्या कुठून? याचं उत्तर मला तेव्हा आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि ते कळल्यावर माझी पाहण्याची रीतच बदलली. माशी एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, आयुष्यात अशा चार-सहा खेपा. सप्टेंबरातल्या आपल्या उकाड्यात अंडं एका दिवसात फुटतं. अळी चार-पाच दिवस ओल्या, कुजत्या वस्तूत खाते आणि वाढते. मग कोश होतो, आणि आणखी चार-पाच दिवसांत माशी बाहेर. सगळं मिळून आठ-दहा दिवस. एरवी गावात रोज थोडं शेण पडतं, रोज थोडं उष्टं पडतं, त्यामुळे माश्याही रोज थोड्या थोड्या जन्मतात आणि मरतात. पुरानंतर तसं होत नाही. सगळं गाव एकाच दिवशी भिजतं, एकाच दिवशी कुजायला लागतं, सगळ्या माद्या एकाच दोन-तीन दिवसांत अंडी घालतात, आणि पिढी एकाच सकाळी उडते. आपल्याला जे अचानक वाटतं, त्याची तयारी आठवडाभर आपल्या पायाखाली चाललेली असते.

गावानं आपापले उपाय सुरू केले. उंबरठ्यावर पाण्यानं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगल्या गेल्या, रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांत असतात तशा. त्यानं माशी कमी झालेली मी कधी पाहिली नाही. कोणी कडुलिंबाचा पाला आणि गोवऱ्या जाळून धूर केला. धुरानं माश्या दाराबाहेर जातात आणि धूर विरला की परत येतात. पण तोवर आत तान्हं मूल खोकून बेजार होतं. हा उपाय मी बाळंतिणीच्या खोलीत करू देत नाही. ज्येष्ठ माणसं म्हणाली, पूर्वी मलेरियावाले येऊन भिंतींवर फवारा मारत, तसं डीडीटी मारा. त्यांच्या आठवणीत ते चित्र पक्कं आहे, १९५३ साली देशात मलेरियाची मोहीम सुरू झाली तेव्हापासूनचं. पण घरमाशीनं डीडीटी पचवायला १९४६-४७ मध्येच सुरुवात केली होती, आधी स्वीडन-इटलीकडे, मग सगळीकडे. ज्या औषधाच्या कीटकनाशक गुणाच्या शोधासाठी १९४८ साली नोबेल दिलं गेलं, त्याला माशी त्याआधीच पुरून उरली होती.

सगळ्यात धोक्याचा उपाय वेगळाच. शेतात मारायचं औषध घरात. एका घरात मी पाहिलं, धानावरच्या किडीसाठी आणलेलं डायक्लोरव्हॉस पिण्याच्या पेल्यात कालवून, गुळाचा खडा टाकून, चुलीशेजारी ठेवलेलं. माश्या पेल्यात मरून पडत होत्या खऱ्या. पण त्याच खोलीत रांगणारं मूल होतं आणि गुळाचा वास मुलालाही येतो. मी पेला उचलला, मातीत लांब नेऊन पुरला आणि त्या घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर गेले, ते उघड्या रानात. बंद खोलीत काय होईल याचा विचार करा. डायक्लोरव्हॉस पुराच्याच वर्षी, २०२० च्या ३१ डिसेंबरपासून देशात बंद झालं, पण घराघरांत उरलेल्या बाटल्या कोणी मोजल्या नाहीत.

ज्या घराबद्दल मला विशेष लिहायचं आहे, तिथं महिन्याचं बाळ होतं. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर. पुराचं पाणी घरात कमरेइतकं आलं होतं. सुनेनं आणि सासूनं मिळून घर असं काही धुतलं होतं की मला कौतुक वाटलं. जमीन नव्यानं सारवलेली, भांडी घासून उन्हात, पाळण्यावर मच्छरदाणी दिवसाही टाकलेली. पंखा लावला तर माशी वाऱ्यात टिकत नाही, पण वीज अजून आली नव्हती. कोठा रिकामा होता, गुरं टेकडीवर नातेवाइकांकडे पाठवलेली. शेणाचा खड्डा पुरानंच वाहून नेलेला. घाण म्हणून दाखवावं असं काही त्या घरात नव्हतं, आणि तरीही शेजारच्या कुठल्याही घरापेक्षा तिथं माश्या जास्त होत्या. सून रडवेली झाली होती. शेजारणी काय म्हणत असतील, याचंच तिला जास्त लागलं होतं.

मोठी निळी-हिरवी माशी असती तर मी मेलेला उंदीर शोधला असता. पुरानंतर उंदीर कवेलूंच्या खाली, आढ्यात जाऊन मरतात, आणि मग बंद खोलीत तशा चकचकीत माश्या येतात. त्या आठवड्याभरात आपल्या आपण संपतात. पण या राखाडी होत्या, पाठीवर चार काळ्या रेघा असलेल्या, साध्या घरमाश्या. मी ओसरीत बसले आणि नुसती पाहत राहिले. उडणाऱ्या माश्यांकडे पाहून काही कळत नाही, त्या कुठूनही येतात. एखाद-दोन किलोमीटर सहज. म्हणून मी भिंतीच्या बुडाशी पाहत होते.

तिथं मला एक माशी चालताना दिसली. उडत नव्हती. घाईघाईनं भिंतीवर चढत होती, रंगानं फिकट, पंख चुरगळलेले, अंगाला चिकटलेले. मग दुसरी तशीच. मग आणखी. ही नुकती जन्मलेली माशी. कोशातून बाहेर पडताना तिच्या कपाळावर एक पातळ थैली फुगते, त्या थैलीनं ती कोशाचं टोपण ढकलते, आणि वर माती असेल तर मातीही ढकलत वर येते. पंख ताठ व्हायला तिला वेळ लागतो, तोवर उडता येत नाही, म्हणून ती चालत उंच जागा गाठते. पंख चुरगळलेली माशी दुसऱ्याच्या घरून येऊ शकत नाही. ती दिसली म्हणजे जन्माची जागा तिथंच, चार-दोन पावलांवर आहे.

त्या सगळ्या माश्या आतल्या खोलीच्या दारातून येत होत्या. मी सुनेला म्हटलं, आत काय आहे? ती सासूकडे पाहायला लागली.

आत ढोली होती. बुरुडाकडून विणून घेतलेली, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची बांबूची ढोली. उन्हाळी धान त्यात भरलेलं. शिवाय भिंतीला टेकवलेली पोती. वर गोधडी झाकलेली. गोधडी उचलली तशी गरम वाफ आली, आंबूस, डोळ्याला झोंबणारी. कुजणारं धान आतून तापतं. वरचे दाणे मोड येऊन एकमेकांत गुंतले होते, खालचे काळे पडून लगदा झालेले. मी हातमोजा घालून वीतभर आत हात घातला, तर मूठभर दाण्यांत निम्म्या अळ्या. आणि पोत्याच्या तळाशी, जिथं लगदा जरा सुकला होता, तिथं तांबूस-तपकिरी कोश, धानाच्या दाण्याएवढेच. धानात मिसळलेले असल्यामुळे ते डोळ्यांना वेगळे दिसतच नव्हते, बोटानं चिरडलं तेव्हा कळलं. सासू-सुनेनं हे पोतं कितीदा तरी पाहिलं असेल, पण दाणा आणि कोश यांतला फरक त्यांना दिसला नाही याचं मला नवल वाटलं नाही.

मी म्हटलं, मावशी, हे आजच बाहेर काढायचं.

त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, पंचनामा झाला नाही आजून. धान फेकला त उद्या काय दाखवू? तलाठी म्हनंल, कुठी आहे धान?"

या वाक्यापुढे माझ्याकडे औषध नव्हतं. वर्षाचं धान. त्यातलं काही विकून खताची उधारी फेडायची होती, बाकीचं घरात खायचं होतं. त्या धानाची किंमत आता एवढीच उरली होती की ते भिजलेलं कोणीतरी सरकारी माणसानं डोळ्यांनी पाहावं. फेकलं असतं तर तेही गेलं असतं. तिच्या जागी मी असते तर मीही गोधडी झाकून बसले असते. आणि तलाठीभाऊंचा तरी काय दोष? साझ्यात गावं कितीतरी, रस्ते चिखलात, सगळीकडे एकाच वेळी घरं पडलेली, जनावरं वाहून गेलेली. ते रात्री उशिरापर्यंत फिरत होते हे मी पाहत होते.

त्या दुपारी मी आणि आशाताईनं गावात परत फेरी मारली, या वेळी फक्त एकच प्रश्न विचारत: भिजलेलं काय काय ठेवलं आहे? आधीच्या फेरीत आम्ही विचारत होतो, घाण कुठे आहे? त्याला सगळे नाही म्हणाले होते, आणि खोटं बोलत नव्हते. धान घाण नसतं. घराघरांत धान निघालं, तूरडाळ निघाली, जनावरांसाठी ठेवलेला कोंडा निघाला, पेंड निघाली. एकानं मेलेल्या कोंबड्या पोत्यात बांधून परसात ठेवल्या होत्या, मोजून दाखवायला. तणसाचे ओले ढीग होते. सगळं पंचनाम्यासाठी राखलेलं. जिथं जिथं पंख चुरगळलेल्या माश्या भिंत चढत होत्या, तिथं तिथं माणसं कोणाची तरी वाट पाहत होती. डासाच्या कामात आमची सवय अशी की भांडं दिसलं, पाणी दिसलं, ओतून दिलं, रजिस्टरात अळी आढळली म्हणून लिहिलं. साचलेलं पाणी कोणाला जिवापाड नको असतं. इथं ओतून देण्यासारखं काही नव्हतं.

मी सरपंचताईंकडे गेले. तिथून तलाठीभाऊंना फोन लावला. मी त्यांना माश्यांचं गाऱ्हाणं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की अमुक इतक्या घरांत लोक सडकं धान उराशी धरून बसले आहेत, त्यात लहान मुलं आहेत, आणि जुलाब सुरू झाले आहेत. मोबाईलवर फोटो काढून, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांसमोर मोजून, सह्या घेऊन ठेवलं तर चालेल का? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, फोटोत घरधनी आणि ढोली दोन्ही दिसू द्या, माप लिहा, मी ते धरीन. हा त्यांचा मोठेपणा. त्या एका होकारानं जे झालं ते कुठल्याही फवारणीनं झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्या मावशींच्या घरी. त्यांना ढोलीशेजारी उभं केलं, पदर डोक्यावर, चेहरा दगडासारखा. पोलीस पाटलांनी पायलीनं माप घेतलं, ग्रामसेवकांनी लिहिलं. कागदावर अंगठा उठवून झाल्यावर मावशींनी स्वतःच पहिलं टोपलं उचललं.

बाहेर काढलं म्हणजे काम संपलं असं नाही. उघड्यावर ढीग टाकला तर माशीचं घर फक्त खोलीतून अंगणात जातं. गावात काही नाडेपची टाकी होती, पूर्वी कुठल्या योजनेत बांधलेली, बरीचशी रिकामी. नाडेप म्हणजे आपल्या विदर्भाचीच देणगी. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवलेली ही खताची पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं. या पद्धतीतला एक नियम मला माशीसाठी सोन्याचा वाटतो: टाकं एक-दोन दिवसांत एकदम भरायचं आणि वरून शेणामातीनं लिंपून बंद करायचं, भेग पडली की पुन्हा लिंपायची. आत कुजताना उष्णता वाढते. पन्नास अंशांच्या वर अळी तगत नाही, आणि वाचलीच तर लिंपणातून बाहेर यायला वाट नसते. आम्ही धान, तणस, कोंडा, शेण, माती असे थर देत टाकी भरली. टाक्यांत मावलं नाही ते उंच जागी खड्डा खणून पुरलं, वर दोन हात माती, आणि ती माती पायानं, धुमसानं चोपून घट्ट केली. भुसभुशीत मातीतून नवी माशी सहज वर येते, हे लोकांना पटवायला मला त्या फुगणाऱ्या थैलीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. पोरांना ती फार आवडली. तणसाच्या मोठ्या ढिगांवर मदतीत आलेली ताडपत्री ओढली, कडा मातीनं दाबल्या, आणि सप्टेंबरातलं कडक ऊन आपलं काम करत गेलं.

घरातलं एक काम मात्र लोक हमखास विसरतात. अळी पूर्ण वाढली की ती ओल सोडून सरपटत कोरडी जागा शोधते आणि तिथं कोश करते. म्हणजे धान गेलं तरी कोश खोलीतच राहतात. ढोलीच्या बुडाखाली, भिंतीच्या कडेला, सारवणाच्या पापुद्र्याखाली. त्या खोलीची जमीन आम्ही खुरप्यानं चार बोटं खरवडून काढली. भिंतीलगतच्या मातीत कोश असे भरले होते की घमेल्यात पडताना त्यांचा सरसर आवाज यायचा. ती मातीही टाक्यात. नंतर सुनेनं जमीन नव्यानं सारवली.

याच सुमारास धूरफवारणीचं यंत्र गावात आलं. संध्याकाळी गल्लीतून धूर गेला, माश्या पडल्या, लोक खूश झाले. पण ज्या टोकाच्या वस्तीत अजून धान निघालं नव्हतं, तिथं दुसऱ्या सकाळी माश्या होत्या तेवढ्याच. धुरानं उडणारी माशी मरते, मातीतल्या कोशाला त्याची खबरही नसते. फवारणी करूच नये असं मी म्हणत नाही. साथ चालू असताना उडणारी माशी कमी करणं गरजेचंच असतं. पण आधी फवारणी आणि मग सवड मिळाली तर ढीग, हा क्रम मला चुकीचा वाटतो, आणि पुरानंतर बहुतेक वेळा तोच पाळला जातो. फवारणीचा फोटो निघतो, पुरलेल्या ढिगाचा निघत नाही.

माशी कमी केल्यानं जुलाब खरंच कमी होतात का, हा प्रश्न मला एका पर्यवेक्षकांनी त्या वेळी विचारला होता. माशी नुसती किळस आणते, आजार पाण्यातून येतो, असं त्यांचं मत. पाण्यातून येतो हे खरं आहे. पण माशी शौचावर बसते आणि तिथून भातावर. तिला घट्ट काही खाता येत नाही, म्हणून ती अन्नावर आधी पोटातलं पाणी ओकते, ते विरघळवते आणि शोषते. १९९१ साली लॅन्सेट या नियतकालिकात इस्रायलच्या लष्करी छावण्यांमधला एक अभ्यास आला होता. जिथं माश्यांचे सापळे लावून त्या ६४ टक्क्यांनी कमी केल्या, तिथं जुलाबासाठी दवाखान्यात येणारे ४२ टक्क्यांनी घटले आणि शिगेलाची हगवण ८५ टक्क्यांनी. १९९९ मध्ये पाकिस्तानातल्या खेड्यांतला अभ्यास त्याच नियतकालिकात आला. तिथं माश्यांवर फवारणी केल्यावर लहान मुलांचे जुलाब २३ टक्क्यांनी कमी झाले. ती खेडी आपल्या खेड्यांसारखीच, कोठा घराला लागून. सैन्याच्या छावणीत सगळ्यांना एकच पाणी मिळतं आणि तरी फरक पडतो, याचा अर्थ माशीचा वाटा वेगळा मोजावा लागतो. ही आकडेवारी आता माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे, बैठकीत लागते म्हणून.

आमच्या गावात त्या महिन्यात जुलाबाचे रुग्ण वाढले, पण कोणी दगावलं नाही. बाळाला दोन दिवस पातळ झालं, आईचं दूध चालू ठेवलं, झिंक दिलं, बरं झालं. पितृपक्ष संपत आला तेव्हा लोक अंगणात घास ठेवत होते आणि कावळ्याआधी माशी बसत नव्हती. मावशींनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

मला जे म्हणायचं आहे ते या एका गोष्टीपुरतं आहे. पुरानंतरची साथ रोखायची असेल तर पंचनामा हे आरोग्याचंही काम आहे. पंचनामा आठ दिवसांत झाला तर माश्यांची एक पिढी जन्माआधीच पुरली जाते. पंधरा दिवसांनी झाला तर ती उडून, अंडी घालून मोकळी होते, आणि मग आपण ब्लिचिंगची पोती आणि धुराची यंत्रं पाठवतो. तहसील आणि आरोग्य ही दोन खाती गावात एकाच बांधावरून चालतात, पण त्यांच्या याद्या एकमेकींना भेटत नाहीत. माझ्या हातात अधिकार नाही, पण याद्या आहेत. कोणाच्या घरात बाळंतीण आहे, कोणाच्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, कोण अंथरुणाला खिळलं आहे, हे मला पाठ असतं. भिजलेल्या धान्याचं माप घ्यायला पहिल्यांदा या घरांत जा, एवढी मागणी मी तेव्हापासून लावून धरली आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये वैनगंगा पुन्हा चढली. या वेळी माणसं शाळेत असतानाच आम्ही बसलो. सरपंचताई, पोलीस पाटील, ग्रामसेवक, कृषी सहायक, आशाताई. कोणाची ढोली खालच्या आळीत आहे याची यादी केली, पाणी उतरताच आधी तिथं फोटो आणि माप, मग टाकं, असं ठरवलं. बरीचशी घरं झाली. धान गिरणीमागचा ओल्या कोंड्याचा ढीग मात्र राहिला. त्याचा धनी गावात नव्हता आणि परवानगीशिवाय हात लावायला कोणी तयार झालं नाही. त्या आळीत माश्या झाल्या, पुष्कळ झाल्या. पुढच्या ग्रामसभेत त्या ढिगाचा विषय निघाला, बाचाबाची झाली, आणि शेवटी पूररेषेच्या आत कोंडा साठवायचा नाही असा ठराव झाला. तो पाळला जातो की नाही हे पाहायला मी पावसाळ्याआधी एकदा तिकडून चक्कर मारते.

खड्ड्याची जागाही आता आधी ठरते. २०२२ मध्ये घाईत नदीच्या बाजूला खणला आणि दोन फुटांवर पाणी लागलं, निम्मं धान परत टोपल्यांनी उचलून गायरानात न्यावं लागलं. आता गायरानातल्या उंचवट्यावर, बोडीच्या वरच्या अंगाला, विहिरींपासून लांब अशी जागा आखून ठेवली आहे, आणि ट्रॅक्टर चिखलात जाऊ शकेल अशी वाटही फक्त तिथंच जाते.